स्वेटरची घडी

लष्कर, ग्वाल्हेर
१४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस शि. सा. न. वि. वि.

आई, मंगळवारी फोनवर तू विचारलंस, "झाला का गं बाळाचा स्वेटर?" आणि मी "होतोय" म्हणून विषय बदलला. होत-बीत काही नव्हतं. मांडीवर काय आहे तेच मला कळत नव्हतं.

हा नमुना अमेरिकेतल्या एलिझाबेथ झिमरमन बाईंचा, १९६८ सालचा. पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाह्या वेगळ्या असा प्रकारच नाही. १६० टाके घालायचे आणि सगळं एका तुकड्यात, सुलट, सुलट आणि सुलट. उलट टाका औषधालाही नाही. मला वाटलं, हे तर शाळेतल्या मुलीचं काम! फक्त दोन ठिकाणी खुणेचा टाका धरून एकाआड एक ओळीत तीन टाक्यांचा एक करायचा, आणि पुढे त्याच दोन जागी टाके वाढवत जायचे.

तू कधी कागद बघून विणलं नाहीस. चार बोटं बॉर्डर, दीड वीत सरळ, मग काख. पण तुझा स्वेटर पहिल्या दिवसापासून स्वेटर दिसायचा. हा दिसतच नाही. कडा वाकड्या, मधे फुगलेलं, ना पाठ ना पोट. हे म्हणाले, "हत्तीसाठी टोपडं करतेयस का?" मी दोनदा उसवला. गंमत म्हणजे दोन्ही वेळा चूक काहीच नव्हती, नुसतं रूप बघून धीर सुटला.

शिवाय दोन्ही बाजू सारख्याच. गॅसवरचं दूध बघायला उठलं की परत आल्यावर ही टाके कमी करायची ओळ की साधी, पत्ता नाही. शेवटी एका बाजूला लाल दोरा बांधला, आणि दुधाच्या हिशेबासारख्या कॅलेंडरवर रेघा मारायला लागले.

बाबा, कोडं सुटलं ते तुमच्या कव्हरांमुळे. जूनमध्ये तुम्ही आमच्या वह्यांना खाकी कागद घालायचात तेव्हा कापलेला कागद बघून काही बोध व्हायचा नाही, आणि तुम्ही चार घड्या मारल्या की कव्हर तयार. तसाच हा तुकडा पलंगावर पसरला. दोन्ही टोकं आत दुमडली तर बाह्या! मधला भाग झाला पाठ. शिवण फक्त खांद्याबाहीच्या वरून, दोन. रात्री साडेअकराला मी एकटीच हसत बसले होते.

काजं त्या बाईंनी दोन्ही बाजूंना ठेवायला सांगितलीत. मुलगा की मुलगी ते कळल्यावर एका बाजूच्या काजांवर बटणं शिवून टाकायची. वहिनीला सांग, आत्या दोन्हीसाठी तयार आहे.

आता खरी कबुली. कागदावर ६ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या, म्हणून मी बाड्यावरच्या बाजारातून ६ नंबरच आणल्या. (दुकानात "सुया" म्हटलं तर शिवणाच्या काढून देतात, "सलाई" म्हणावं लागतं, तुला ठाऊकच आहे.) पण आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत उलटं. त्यांची ६ म्हणजे ४ मिलिमीटर, म्हणजे आपली ८. आपली ६ चांगली ५ मिलिमीटरची. या नमुन्यात वेगवेगळी मापं दिलेलीच नाहीत, सुई आणि लोकर जाड तितका स्वेटर मोठा. त्यामुळे बाळासाठी काढलेला हा स्वेटर दीड-दोन वर्षांच्या पोराला बसेल असा झालाय. बारशाला घातला तर आत बाळ शोधावं लागेल.

म्हणून ८ नंबरवर दुसरा घातलाय, पिवळा. चाळीस ओळी झाल्या. यावेळी रूप बघायचं नाही असं ठरवलंय. मोठा तसाच ठेवते, वाढत्या अंगाला होईल.

आई, तुझ्या बटणांच्या डब्यात माझ्या लहानपणच्या फ्रॉकची पांढरी बटणं असतील, चार भोकांची. दादा दिवाळीचं पार्सल पाठवणार आहे म्हणाला, त्यात घाल. पाच नसली तर चारही चालतील.

तुमची,
बेबी