जुन्या मॉरिसमध्ये नवे वायरिंग करण्यापूर्वी

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मॉरिस मायनरला हॅलोजनचे दिवे, मोबाइलचा चार्जर आणि स्टिरिओ बसवण्याचा बेत कळला. वायरिंगला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: तुझ्या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला आहे. बाजारातले स्टिरिओ आणि चार्जर नेमके याच्या उलट गृहीत धरून बनवलेले असतात. त्यामुळे स्टिरिओचा सांगाडा डॅशबोर्डला टेकला, किंवा चार्जरच्या पिनेचे धातूचे कवच सीटच्या पट्टीला लागले, की थेट शॉर्ट सर्किट.

ही पोलॅरिटी, म्हणजे बॉडीला जोडलेले टोक, उलटी करता येते. बॅटरीबरोबर इग्निशन कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात आणि डायनामोलाही, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रालाही, नव्या दिशेने चुंबकत्व द्यावे लागते. माझे मत विचारशील तर ते करू नकोस, कारण तसे केल्यावर गाडीचा मूळ वायरिंग डायग्राम खरा राहत नाही. चार्जरसाठी इनपुट आणि आउटपुट पूर्ण विलग असलेला कन्व्हर्टर घे. स्टिरिओ नसला तरी चालेल.

खरी काळजी दिव्यांची आहे. ल्युकासचा सी-४० डायनामो भरात असताना २२ अँपिअर देतो आणि सिग्नलला गाडी उभी असताना जवळजवळ काहीच देत नाही. ४२ वॅटच्या जुन्या जोडीला ७ अँपिअर लागत. ६० वॅटचे दोन हॅलोजन १० घेतील, आणि पावसाळ्यात रात्री वायपर, टेल लॅम्प व इग्निशनचा भार त्यावर चढेल. शिवाय हा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरचा स्विच आणि पायाखालचा डिपर यांच्या झिजलेल्या संपर्कांतून जाणार, आणि हेडलाइटच्या सर्किटला कंपनीने फ्यूजच दिलेला नाही. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार ओढ, तिच्या सुरुवातीलाच फ्यूज बसव आणि रिले, म्हणजे छोट्या प्रवाहावर चालणारा स्विच, लाव; मग जुन्या स्विचला केवळ रिलेची कॉइल चालवावी लागेल. दिव्यांच्या अर्थिंगचे, म्हणजे बॉडीला जोडणाऱ्या तारांचे, जोड गंज खरवडून, चकचकीत पत्र्यावर घट्ट आवळ; मंद दिव्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.

आणखी एक. फ्यूजबॉक्समधल्या काचेच्या फ्यूजवर ३५ हा आकडा आहे तो वितळण्याचा. सतत सोसवणारा प्रवाह त्याच्या निम्माच. दुकानदार ३५ चा आजचा ब्लेड फ्यूज देऊ लागला तर घेऊ नकोस, कारण तो वितळण्याआधी तुझ्या गाडीची कापडी वेष्टणाची तार जळेल.

रिले आणि फ्यूज होल्डर मी घेऊन येतो. तोवर बॅटरीची तार काढून ठेव.

तुझा,
विनायक