निधी सांभाळणारे टेबल कायमचे हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेने १ जुलै २०२५ पासून परदेशी साहाय्याचे काम थांबवल्यावर विकसनशील देशांचा किती निधी आटला, याचे हिशेब बरेच मांडले गेले. ते आवश्यकच आहेत. मात्र जो निधी रीतसर मंजूर होऊन पडून आहे, तो सरकारांना वेळेत उचलता का येत नाही, याकडे फारसे कोणी वळत नाही. परदेशी साहाय्यावरील एका प्रकल्पाच्या लेखा शाखेत काही वर्षे काढल्यामुळे त्याविषयी लिहावेसे वाटले.

परदेशी साहाय्याचे कर्ज मंजूर झाले म्हणजे पैसे खात्यात जमा झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा सरकारने आधी आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करायचा, त्याची विवरणपत्रे पाठवायची आणि मग प्रतिपूर्ती मागायची, अशी रीत असते. मोठ्या कंत्राटांना निविदेच्या ठरावीक टप्प्यांवर कर्ज देणाऱ्या बँकेची ‘ना हरकत’ लागते. ती न घेता कार्यादेश दिला, तर काम कितीही चोख झाले तरी तो खर्च अपात्र ठरू शकतो. आमचा एक दावा असाच परत आला होता. इमारत उभी होती, ठेकेदाराचे देयक चुकते झाले होते. फक्त निविदा मूल्यांकनाला मिळालेल्या मंजुरीचे पत्र फायलीत नव्हते. ते कोणत्या नस्तीला लावले आहे हे ज्या लिपिकाला ठाऊक होते, त्याची बदली झाली होती. पत्र सापडेपर्यंत चार महिने गेले आणि तोवरचा भार सरकारी तिजोरीने सोसला. शिवाय अनेक कर्जांत न उचललेल्या रकमेवर बांधिलकी शुल्क द्यावे लागते, म्हणजे न वापरलेल्या पैशाचेही पैसे मोजायचे!

यावर सर्वत्र काढला जाणारा तोडगा म्हणजे स्वतंत्र प्रकल्प अंमलबजावणी कक्ष. वेगळे कार्यालय, कंत्राटी माणसे, बरे मानधन. कामाला वेगही येतो, हे नाकारता येणार नाही. पण खात्यातले हुशार लोक तिकडे ओढले जातात, आणि प्रकल्प संपला की कक्षाबरोबर तिथले सगळे शहाणपणही उठून जाते. देणाऱ्या देशांना हे कळत नव्हते असे नाही. परदेशी साहाय्य अधिक परिणामकारक करण्यासाठीच्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात असे समांतर कक्ष २०१० पर्यंत दोन तृतीयांशाने कमी करण्याचे ठरले होते. त्या जाहीरनाम्याच्या तेरा उद्दिष्टांपैकी एकच गाठले गेले आणि ते या कक्षांविषयीचे नव्हते.

या संदर्भात मला आफ्रिकेतल्या बोत्स्वानाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश सुरुवातीला दैनंदिन सरकारी खर्चासाठीसुद्धा ब्रिटिश अनुदानावर अवलंबून होता. तरीही त्याने अर्थ आणि नियोजन एकाच मंत्रालयाकडे ठेवले, राष्ट्रीय योजनेत बसेल तेच साहाय्य घ्यायचे ठरवले आणि प्रकल्प स्वीकारण्याआधी त्याचा पुढचा, दरवर्षी करावा लागणारा आवर्ती खर्च कोण उचलणार, हा प्रश्न विचारला. परदेशी तज्ज्ञ त्यांनीही भरपूर घेतले, पण त्यातल्या अनेकांना सरकारच्या नियमित पदांवर, सरकारच्याच आदेशाखाली बसवले. हात पसरण्याची वेळ असतानाही अटी तपासून नकार देण्याची तयारी ठेवणे, ही माझ्या मते क्षमतेची खरी खूण आहे.

क्षमतावृद्धीच्या नावाखाली मात्र बहुतेक वेळा कार्यशाळाच होतात. मीही अशा कार्यशाळांना बसलो आहे; प्रमाणपत्र मिळाले आणि पुढच्याच वर्षी माझी बदली परदेशी निधीशी काडीचाही संबंध नसलेल्या शाखेत झाली. प्रशिक्षणावर खर्च करण्याआधी अर्थ खात्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, करार वाचणारे, निविदा पाहणारे आणि दावे तयार करणारे निदान मोजके लोक कायम पदांवर आणावेत, त्यांना तिथे किमान पाच वर्षे ठेवावे आणि बदली करायचीच झाली, तर नवा माणूस दोन-तीन महिने आधी त्याच टेबलावर बसवावा. एखाद्या सल्लागार संस्थेच्या वार्षिक देयकापेक्षा हा खर्च जास्त होईल, असे मला वाटत नाही.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी