पूल कुणी काढला?

कोल्हापूर,
रविवार दुपार, लाइट गेलेली

प्रिय संज्या,

स. न. वि. वि.

हसू नकोस. आठवीत पत्रलेखनाच्या पाचांतले दोन मार्क ‘मायना नाही’ म्हणून गेले होते, तेव्हापासून मायना चुकवायची हिंमत होत नाही.

पत्राचं कारण तुझी मुक्ता. परवा तिनं मला फोटो पाठवला. ‘सुपर मारिओ मेकर २’मध्ये, म्हणजे मारिओच्या लेव्हल आपणच बनवायच्या त्या गेममध्ये, तिनं स्वतःचा नकाशा केलाय. बेटं, पूल, एक ज्वालामुखी आणि मधोमध चक्क तुमच्या हडपसरच्या घरासारखा किल्ला. खाली प्रश्न होता, ‘काका, मारिओचा नकाशा पहिल्यापासून असाच होता का?’ मी ‘नाही गं’ म्हणून टाइप करायला लागलो. स्क्रीनभर मजकूर झाला, तो पुसला आणि म्हटलं, हे तिच्या बापालाच लिहावं. त्याला जास्त कळेल. निदान कळायला हवं.

कराडचं ते दुकान आठवतंय का? तासाला पाच रुपये, आणि पाच मिनिटं आधीच ‘झालं रे, उठा’. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. त्या पिवळ्या कॅसेटवरच्या मारिओला नकाशा नव्हताच. १९८५चा तो पहिला मारिओ. ८ जग, प्रत्येकात ४ लेव्हल, एका मागोमाग एक. काळ्या पडद्यावर ‘वर्ल्ड १-१’ यायचं की सुरू. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. मुक्तानं पाठवलेल्या त्या एका फोटोत असे कितीतरी मारिओ मावतील. त्यामुळं तू आणि मी कुठून कुठं चाललोय, पाचवं जग चौथ्याच्या डावीकडं की उजवीकडं, हे कधी कळलंच नाही. वाट एकच, उजवीकडं.

मग दादरला माझ्या मावसभावाकडं आपण एकच दुपार तिसरा मारिओ बघितला. बघितलाच, कारण रिमोट त्यानं आपल्या हातात फारसा दिलाच नाही. पण पहिली लेव्हल संपली आणि पडद्यावर ते हिरवं मैदान आलं, त्यावर नाचणारी झुडपं, छोटासा मारिओ, आणि वाट दोन बाजूंना फुटलेली. तू म्हणालास, ‘आयला, आता कुठं जायचं ते आपण ठरवायचं?’ मला ते वाक्य अजून जसंच्या तसं आठवतंय.

जपानात तो गेम १९८८च्या ऑक्टोबरमध्ये आला. गेल्या वर्षभरात रात्री झोप येत नाही तेव्हा मी याच्यावर बरंच वाचत बसलो, म्हणून आता तुला पकवतो. पहिल्या जगाचा तो सगळा नकाशा एका पडद्यात बसतो. आडवे १६ चौकोन, उभे ९. एका चौकोनाला एक बाइट, म्हणजे १४४ बाइट. आपल्या देवनागरीचं एक अक्षरचिन्ह आजच्या कॉम्प्युटरवर तीन बाइट खातं, म्हणजे ४८ चिन्हं. तुझं नाव आणि पत्ता लिहिला तरी पिनकोडला जागा उरणार नाही. एवढ्यात त्यांनी मैदान, किल्ला, मशरूमची घरं, पत्त्यांचा डाव आणि राजाचा वाडा बसवला. मारिओ एका वेळी दोन चौकोन सरकतो. म्हणून सगळ्या वाटा काटकोनात वळतात, तिरपी वाट एकही नाही. आपण काढला होता ना नकाशा चौकटीच्या वहीत, तसाच. आपण वहीच्या रेघांमुळं काटकोनात काढला, त्यांनी मशीनमुळं.

तिसऱ्या जगात समुद्र आहे आणि पुढं एक लांबट, वाकडं बेट. आपण त्याला मिरची म्हणायचो. ते जपान आहे, संज्या! स्वतःचा देश नकाशात टाकून मोकळे झाले, आणि आपण भूगोलात काठावर पास झालेले दोघं ‘मिरचीवर कसं जायचं’ म्हणून होडी शोधत होतो.

आता मुक्ताचा प्रश्न. तिसऱ्या मारिओचं काम सुरू झालं तेव्हा नुसता नकाशा नाही, सगळा खेळच वेगळा होता. ताकाशी तेझुका, म्हणजे मारिओचा जनक मियामोतो, त्याच्या हाताखाली या खेळांची मांडणी करणारा माणूस, त्यानं पुढं मुलाखतीत सांगितलंय की आधी खेळ वरून, पक्ष्याच्या नजरेनं दिसेल असा करायला घेतला होता. पण वरून बघताना उडी कुठं पडणार याचा अंदाजच येईना. मारिओत उडीच चुकायला लागली तर उरलं काय? मग परत बाजूनं दिसणाऱ्या मारिओवर आले. त्या रद्द झालेल्या डावाची एकच खूण राहिली. गेम चालू केल्यावर नाव येतं, त्याखाली काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन असते, बघ. ती लांब जात गेलेली, वरून बघितल्यासारखी फरशी. पडदा वर जातो, नाटकासारखा, आणि ती फरशी दिसते. आपण कधी तिच्याकडं लक्षच दिलं नाही, स्टार्ट दाबायची घाई.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आमचं ऑफिस आठवलं. आमच्याकडं रद्द झालेला प्लॅन कुणी फाडत नाही. त्यावर लाल पेननं फुली मारायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कच्ची कामं करायची. पायऱ्यांचं गणित, टाइल्सचा हिशोब, कधीकधी चहाची उधारी. गेल्या महिन्यात एका बंगल्याचं जिन्याचं डिटेल मालकाला दाखवत होतो. त्यांनी कागद सहज उलटला आणि मागं त्यांच्याच बंगल्याचा पहिला प्लॅन! देवघर ईशान्येला, आणि त्यांच्या सांगण्यावरून आम्हीच ते पुढं हलवलेलं. पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, ‘हा बरा होता की.’ आता सांग, काय बोलायचं? पाया भरून झालाय.

तर त्या कॅसेटच्या मागच्या बाजूलाही असं बरंच पडलंय. तिसरा मारिओ ३८४ किलोबाइटचा. त्याच्या आत डझनभराहून जास्त लेव्हल अशा आहेत, ज्यांच्यापर्यंत नकाशावरचा एकही ठिपका नेत नाही. काही अर्ध्या आहेत, काही चांगल्या खेळता येतात. जमीन आहे, नाणी आहेत, शत्रू आहेत, फक्त जायला वाट नाही. सातबारा नावावर आणि शेताला रस्ता नाही, तसलं प्रकरण. अण्णांच्या वाटणीला आलेला तो मळ्यामागचा तुकडा आठवतो ना, चारी बाजूंनी दुसऱ्यांची पिकं. लोक पुढं ‘गेम जिनी’ नावाचा जोड लावून, कोड टाकून या लेव्हलांत घुसले. म्हणजे बांधावरून उडी मारून गेले म्हण.

मग पुसल्या का नाहीत? मला विचारशील तर आमच्या ऑफिसात जे कारण असतं तेच. शेवटच्या दिवसांत चालू असलेल्या कामाला कुणी हात लावत नाही. एक तुकडा काढला की मागच्या सगळ्यांचे पत्ते सरकतात, कुठला दरवाजा कुठं उघडेल सांगता येत नाही. आणि ती कॅसेट एकदा कारखान्यातून छापून बाहेर पडली की संपलं, आजच्यासारखं ‘अपडेट आलंय’ म्हणायची सोय नाही. त्यापेक्षा नुसती वाट बंद करायची.

पण मला खरं वेड लावलं ते पुढच्या गेमनं, ‘सुपर मारिओ वर्ल्ड’नं. हा आपण खेळलो नाही, तो आपल्याकडच्या त्या मशीनवर चालणाराच नव्हता. १९९०च्या नोव्हेंबरमध्ये जपानात सुपर फॅमिकॉम या नव्या मशीनबरोबर आला. तिथल्या डब्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स ४’ असंही छापलेलं होतं. गेम बाजारात यायच्या आधी छापून आलेले त्याचे फोटो बघितले तर कळतं की खरंच तो आधी ‘चौथा’च होता. त्यातला नकाशा जवळपास तिसऱ्यासारखाच आहे. सपाट, चौकटीत बसवलेला, सरळ वाटा. नवीन मशीन, जास्त रंग, आणि नकाशा जुनाच. नव्या फ्लॅटमध्ये जुनी शोकेस आणून ठेवतात तसा.

आणि मग तो सगळा टाकून दिला.

जो शेवटी आला तो बघून मी रात्री एक वाजता खुर्चीत सरळ बसलो. तिसऱ्यात एक जग संपलं की नकाशा बदलायचा, मागचं मागं राहायचं. इथं सगळं एकाच मुलखात. डोनटचं मैदान, त्याच्या वर डोंगर, पोटात व्हॅनिलाची गुहा, पलीकडं जंगल, आणि चॉकलेटचं बेट. वाटा वळतात, मारिओ शिडीनं चढतो, पाण्यातून जातो. ठिपका पिवळा असेल तर बाहेर पडायची वाट एक, लाल असेल तर दोन. मोठ्या बेटाभोवती समुद्र नुसता पसरलेला, त्यात काहीच नाही. तुला वाटतं ती मोकळी जागा, नकाशा भरायला निळा रंग. मग बुडालेलं भुताचं जहाज तू पार करतोस, आणि त्याच समुद्रातून बाऊझरच्या, म्हणजे खेळातल्या मुख्य खलनायकाच्या, तोंडासारखा खडक वर येतो. शेवटच्या जगाचं दार. इतका वेळ ते तिथंच होतं, तुझ्या डोळ्यांसमोर, पाण्याखाली. हे तिसऱ्या मारिओच्या पद्धतीनं करायचं म्हटलं तर नकाशा बदलला असता, एवढंच. धक्का बसला नसता. सगळे मिळून ९६ दरवाजे आहेत त्यात, आणि शेवटच्या खास लेव्हल संपवल्या की अख्ख्या मुलखाचे रंग बदलतात, पानगळ आल्यासारखे.

त्या गेमच्या श्रेयनामावलीत ‘मॅप डायरेक्टर’ असं एक वेगळंच पद आहे. नाव हिदेकी कोन्नो. एक माणूस नकाशासाठी! पुढं १९९२च्या पहिल्या ‘मारिओ कार्ट’च्या दोन डायरेक्टरांपैकी एक तोच. आमच्या सरांना मी हे सांगितलं, म्हटलं ‘ड्राफ्ट्समन’ काढून माझ्या कार्डावर हे छापू का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, बास.

२०२०च्या जुलैमध्ये मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या आतल्या जुन्या फायलींचा मोठा ढीग बाहेर फुटला. योशीची, म्हणजे मारिओच्या त्या डायनासोरची, सुरुवातीची कच्ची चित्रं वगैरे त्यातच होती. मी ती बघितली, खोटं कशाला बोलू. पण बघताना बरं वाटलं नाही. छापून आलेला फोटो वेगळा, विकलेल्या कॅसेटच्या आत राहिलेलं वेगळं, आणि कुणाच्या तरी टेबलाच्या खणातनं उचललेलं वेगळं. माझ्या लाल फुल्या मारलेल्या प्लॅनांचा गठ्ठा असा कुणी बाहेर टाकला तर मला आवडणार नाही. त्यात चहाची उधारी पण आहे.

मुक्ताला दोन गोष्टी सांग. एक, त्या मारिओ मेकरमध्ये जास्तीत जास्त ८ जग आणि ४० लेव्हल बसतात, आणि हिनं पहिल्याच जगात दहा खर्च केल्यात. पुढं कंजूषी करावी लागेल. दुसरं, नकाशा बदलायचा असला तर पुसायच्या आधी फोटो काढून ठेव म्हणावं. तिचा ज्वालामुखी किल्ल्याच्या फार जवळ आहे, तो ती हलवणार हे मला आत्ताच दिसतंय.

आणि आता मुख्य मुद्दा. मागच्या आठवड्यात आईची ट्रंक आवरताना आपली वही सापडली. दादरहून आल्यावर काढलेली, चौकटीची, कव्हरवर तुझं नाव खोडून माझं. सात जगं शाईत, आठवं पेन्सिलीत अर्धं. मिरची आहे. तिसऱ्या पानावर वाळवंट आहे, आणि त्यातून एक पूल निघतो. नदी नाही, ओढा नाही, नुसता वाळवंटातून पूल, सहा चौकोन लांब, आणि पान संपतं तिथं संपतो. पुढच्या पानावर त्याचं दुसरं टोक नाही. मी दोनदा तपासलं.

मागाहून खाडाखोड केलेली दिसते. खाली आणखी एक वाट होती, खोडरबरानं घासलेली. उजेडाला धरलं की ती पुलाच्या उलट दिशेला जाते असं वाटतं. रेघ जाड आहे, म्हणजे एचबी नाही, तुझ्याकडची ती टू-बी असणार. पण कमानी मी काढायचो तशा आहेत, एकाआड एक.

पानाचा फोटो पाठवत नाही, तू लगेच ‘मीच काढला’ म्हणशील. आधी आठवून लिही. पूल कुणी काढला, आणि तो कुठं जाणार होता?

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना सांग, गणपतीत येतोय, खव्याच्या पोळ्या विसरलेलो नाही.

लाइट आली. थांबतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. वहीच्या मागच्या पानावर ‘संज्या देणे रु. १५’ असं लिहिलेलं आहे. अक्षर तुझंच आहे.