पॉवर सप्लायचं तेवढं ऐक

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. "आई, माझं मी बघते," म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून चैन नाही. तुझ्या नव्या कॉम्प्युटरला दादाचा जुना पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) लावायचा का, हा विषय आज काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलेय.

तू पाठवलेली सुट्या भागांची यादी दोनदा वाचली. ग्राफिक्स कार्डाची लांबी पाहून कॅबिनेट आतून टेपने मोजलंस, हे भल्याभल्यांना सुचत नाही. फार बरं वाटलं.

रायझन ९६००एक्स प्रोसेसर घेतेयस म्हणजे मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसायची जागा) आणि रॅम डीडीआर५च. तुझ्या कामाला बी६५० बोर्ड पुरे. पण हे बोर्ड त्या प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेत. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, जुना निघाला तर मशीन सुरूच होणार नाही. म्हणून मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घे; प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहील, तेव्हा मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. मध्येच बंद करू नकोस.

कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, पण १६ जीबी मेमरीचंच. ब्लेंडरचा (तुझ्या थ्रीडी प्रोग्रामचा) मोठा सीन ८ जीबीत मावला नाही की उरलेला डेटा साध्या रॅममध्ये जातो आणि रेंडर (अंतिम चित्र बनणं) रखडतो, नाहीतर बंदच पडतो.

आता राहवत नाही म्हणून लिहिते. दादाच्या सप्लायचे ४५० वॉट आकडेमोडीत पुरतात, हे तुझं खरं आहे. कार्ड १८०, प्रोसेसर ८८ पर्यंत. पण कार्ड क्षणभर त्याहून बरंच जास्त ओढतं, आणि जुन्या सप्लायचे कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) थकलेले असले की तेवढ्यात मशीन बंद पडतं. एनव्हिडिया कंपनी या कार्डाला ६०० वॉटचा सप्लाय सांगते, ते उगाच नाही.

पुन्हा भाषण झालं, माफ कर. सातव्या वर्षी टॉर्चमध्ये सेल उलटे घालून "लागत का नाही" म्हणत रात्री उशिरापर्यंत बसलेली तू डोळ्यांसमोर येतेस. तिथे फक्त दिवा लागला नव्हता.

नवा सप्लाय घेतलास तर जुन्याच्या केबल, आधीच ओवलेल्या असल्या तरी, सगळ्या काढून टाक. प्लग बसतो, पण सप्लायकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी (फाइल साठवणारी डिस्क) जळते, सोबत तुझं सगळं काम. कार्डाचा प्लग खट्‌ आवाज होईपर्यंत आत दाब, आणि मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लाव.

दादाच्या सप्लायवरच्या लेबलचा फोटो तेवढा पाठव. त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते मला बघायचंय.

तुझी,
आई