मण्यारीच्या दंशाची खूण मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सर्पदंशावरचा लेख वाचला. बहुतेक साप बिनविषारी असतात, हे त्यात लिहिले आहे ते खरेच. पण खूण, सूज किंवा वेदना नसेल तर दवाखान्यात धावाधाव करू नये, हा सल्ला वाचून माझा संताप झाला. नाग आणि घोणस चावले की बहुधा सूज, ठणका तरी येतो. मण्यारीचे काय?

मण्यार चावली की बहुधा ना सूज येते ना ठणका लागतो. दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही. ती रात्री फिरते, उंदराच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्याचा हात-पाय अंगावर पडला की चावते. निजलेल्याला जागही येत नाही. पहाटे उठतो तो पोट धरून.

माझा पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता. श्रावणातली रात्र, पडवीत गोधडीवर झोपलेला. चारच्या सुमारास पोटात कळ येते म्हणून उठला, एकदा उलटी झाली. वहिनीने ओवा दिला. मी त्याला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, रात्री काय खाल्ले ते विचारले आणि पित्ताचे इंजेक्शन दिले. मी विचारले, ‘साहेब, पान तर लागलं नसेल ना?’ ते म्हणाले, ‘चावल्याची खूण दाखवा.’ खूण नव्हती. आम्ही घरी आलो.

साडेसातला पोर ओट्यावर बसून म्हणाले, ‘काका, डोळे उघडत नाहीत.’ आई म्हणाली, रात्रभर जागलाय, निजू दे त्याला. त्यात अर्धा तास गेला. मग त्याचा आवाज नाकातून यायला लागला, लाळ गिळता येईना. तालुक्याला प्रतिविष सुरू झाले, तिथून शहरात नेले, चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. त्याच सकाळी गोधडी झटकताना घडीतून मण्यार पडली. पहाटे कुणी ती गोधडी उचलली असती तर, हा विचार आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

दिसेल त्याला प्रतिविष टोचा, असे मी म्हणत नाही. त्याचीही रिअ‍ॅक्शन येते. पण पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी किंवा घसा दुखतो म्हणत आला, तर मण्यार नाही अशी खात्री होईपर्यंत त्याला घरी पाठवू नये, एक दिवस नजरेखाली ठेवावे. दर अर्ध्या तासाने वर बघायला सांगावे, पापण्या पडतात का पाहावे, थुंकी गिळता येते का विचारावे, एका श्वासात किती आकडे मोजतो ते बघावे. याला ना यंत्र लागते ना पैसा. पोटदुखी साधी निघाली तर एक दिवसाची मजुरी बुडेल. आमच्याकडे मजुरीची किंमत कळते, तरीही लिहितो, बुडू द्या. मण्यारीचे लक्षण डोळ्यांत उतरेपर्यंत थांबलो, तर पुढे हाताशी फार वेळ उरत नाही.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितले. २००० ते २०१९ या वर्षांत देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सापाच्या विषाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण पित्त म्हणून घरी पाठवलेला माणूस घरीच दगावला, तर त्याची नोंद कोण करणार? त्या लेखात यावर एक ओळ हवी होती. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, हेही हवे होते. मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

आणखी एक. लेखासोबत ‘मण्यार’ म्हणून छापलेला फोटो कवड्याचा आहे. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलटे. ती निळसर काळी, चकचकीत. पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीने, शेपटीकडे स्पष्ट, मानेजवळ जवळजवळ नाहीतच. हा फोटो पाहून लोक बिचाऱ्या कवड्याला ठेचतील आणि खऱ्या मण्यारीला काठीने बाजूला सारायला जातील.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी तुमचे कात्रण आज सकाळीच फलकावर लावले आहे. दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत नको. त्याच जागी, त्याच आकारात मण्यारीचा फोटो छापा. तो अंक घेऊन मी स्वतः शाळेत जाईन आणि कात्रण बदलून येईन.

आपला,
एक शेतकरी वाचक, अकोले तालुका