बाबांची मूठ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू येतोयस, म्हणून आधीच लिहिते. मागच्या वेळी बाबांची मूठ उघडायला तू त्यांची बोटं ओढलीस. "थोडा जोर लावा ना बाबा," म्हणालास. तू खोलीबाहेर गेल्यावर कितीतरी वेळ ते त्या हाताकडे बघत बसले होते. तुझी तळमळ मला कळते. पण ती मूठ बाबांनी आवळलेली नाही रे.

फिजिओथेरपिस्टताईंनी मला नीट समजावलं. स्नायू ताणला की तो उलट आखडू बघतो, हे सगळ्यांच्याच शरीरात असतं. मेंदू एरवी त्याला आवर घालतो. स्ट्रोकनंतर तो आवर सुटला. म्हणून कोपर दुमडलेलं राहतं, मनगट आत वळतं, अंगठा मुठीत जातो. ताण जितका झटक्यात, तितका स्नायू जास्त कडक. तू ओढलंस आणि मूठ आणखी घट्ट झाली, ती त्यामुळे.

मी रोज सकाळी कशी उघडते ते सांगते. हात उशीवर टेकवायचा. मनगट तळव्याच्या बाजूला हलकेच वाकवायचं, म्हणजे बोटं सैल पडतात. अंगठा टोकाला धरायचा नाही, मुळाशी धरून बाहेर घ्यायचा. मग बोटं सावकाश उघडायची आणि नुसतं थांबायचं. थोड्या वेळानं तो कडकपणा आपल्या हाताखाली उतरत गेलेला कळतो. मग तळवा ओल्या फडक्यानं पुसते, बेचक्या कोरड्या करते. एकदा नख रुतून तळव्यावर चंद्रकोरीसारखा व्रण उठला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्या हाताला नीट जाणवत नाही.

जांभई देताना त्यांचा हात वर गेला म्हणून मी हरखून तुला फोन केला होता, आठवतं? तसा हात आपोआप उचलला जातो, तो त्यांनी उचललेला नसतो, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फार रडले.

कडकपणा रोज सारखा नसतो. थंडी, दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, यातलं काहीही झालं की वाढतो. म्हणून अचानक वाढला तर आधी कारण शोधायचं. स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळीनं कडकपणा थोडा उतरला, पण दिवसभर झापड यायची, म्हणून डॉक्टरांनी मात्रा कमी केली. ती गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते, हे लक्षात ठेव.

आता बोटॉक्सचं इंजेक्शन ठरलंय. मज्जातंतूचा निरोप ते स्नायूपर्यंत पोचू देत नाही. असर 1-2 आठवड्यांत दिसेल, साधारण 3 महिने टिकेल. तळवा धुणं, बाही चढवणं, हाताला आधार देणारी पट्टी (स्प्लिंट) बांधणं सोपं होईल. पण हात सैल झाला म्हणजे कामाला लागला, असं नाही. पेला धरायचा तर बोटं आपणहून उघडायला हवीत, आणि ती सरावानंच, जमतील तेवढी. म्हणून त्या 3 महिन्यांतला एकही दिवस मला वाया घालवायचा नाही. परवा त्यांनी तो हात कागदावर दाबून ठेवला आणि दुसऱ्या हातानं सही केली. कागद सरकला नाही! मला तेवढंही खूप वाटलं.

त्यांना उठवताना तो हात ओढू नकोस, खांदा सांध्यातून खाली उतरलाय. "प्रयत्न करा" असंही म्हणू नकोस. ते करतातच.

शनिवारी त्यांची नखं कापायची असतात. या शनिवारी तू काप.

तुझी,
आई