गाडीतला आवाज दार उघडे ठेवून पारखता येत नाही

महोदय,

पाडवा-दसऱ्याच्या सुमारास सोलापुरात नव्या गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घेणाऱ्यांची झुंबड उडते आणि ती दाखवण्याची तऱ्हा बहुतेक ठिकाणी एकच असते: दारे सताड उघडी, डिकीतला सबवूफर (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) पूर्ण जोरात आणि गिऱ्हाईक बाहेर रस्त्यावर. त्याने दणका तेवढा कळतो. गायक कुठे बसला आहे आणि तबला त्याच्या कोणत्या हाताला आहे, म्हणजे जाणकार ज्याला ‘साउंड स्टेज’ म्हणतात, ते मुळीच कळत नाही.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने उजव्या दारातला स्पीकर त्याला जवळ पडतो आणि डावा लांब. हा फरक अर्ध्या मीटरचा धरला, तरी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जाणारा आवाज डावीकडून जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि आधी आलेल्या आवाजाची दिशा धरण्याची कानाची सवय असल्याने सगळी मैफल उजव्या दाराशी गोळा होते. बॅलन्स डावीकडे सरकवल्याने जोर बदलतो, वेळ बदलत नाही. त्यासाठी जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावणारी टाइम अलाइनमेंटची सोय लागते. (ती चालकापुरती साधली की शेजारच्याचे ऐकणे बिघडते, हे मात्र दुकानात क्वचितच सांगितले जाते.)

पारख करायची तर इंजिन बंद करून, काचा वर घेऊन, आवाज मध्यम ठेवून चालकाच्या सीटवर डोळे मिटून बसावे आणि एकट्या गळ्याचे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावावे. दोन्ही बाजूंना तेच वाजत असल्याने गळा डॅशबोर्डच्या मधोमध, नजरेच्या पातळीच्या आसपास, एका जागी ठरला पाहिजे. तो गुडघ्यांपाशी ऐकू येत असेल, तर ट्वीटरची, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, जागा आणि त्याच्या आवाजाची पातळी पुन्हा पाहावी लागते. त्याला जागाच सापडत नसेल आणि खर्जही पातळ झाला असेल, तर एखाद्या स्पीकरच्या प्लस-मायनसच्या वायरी उलट जोडल्या गेल्याची शंका घ्यावी, कारण ही चूक पैसा न खर्चता दुरुस्त होते. त्यानंतर ओळखीची स्टीरिओ मैफल लावून तंबोरा गायकाच्या मागे राहतो की त्याच्या अंगावर येतो, हे ऐकावे. आवाज किती मागेपर्यंत पसरतो, ती खोली जोखण्याची याहून चांगली परीक्षा माझ्या मते नाही.

शहरातील दुकानदारांनी पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दारे लावून, त्याच्या आवडीचे गाणे घेऊन, थोडा वेळ एकटे बसू द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर